लातूरला अंकशास्त्रवाल्यांकडून बाळाचं नाव काढलं, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, मंग बाकीचं. नवीन बाळाचं नाव ठरवायचंय, जन्म दाखल्यावर अजून नाव टाकलेलं नाही आणि घरात दोन-तीन नावांवर गाडी अडलीय, तर खुशाल जावा, पैसे वाया जाणार नाहीत. पण मोठ्या माणसाच्या चालू नावाचं स्पेलिंग बदलून घ्यायला जाणार असाल तर आधी हे पूर्ण वाचा आणि मंगच पाकीट उघडा. त्यांचं नाव-पत्ता इथं देत नाही, कारण खाली तक्रारीचंबी लिहिलंय आणि कुणाच्या पोटावर पाय द्यायची माझी इच्छा नाही, शिवाय लातूर-नांदेड-संभाजीनगरला असे सल्ले देणारे भरपूर आहेत, पद्धत सगळ्यांची थोड्याफार फरकानं हीच आहे.

मी निलंग्याला आपले सरकार सेवा केंद्र चालवते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, फार्मर आयडी, विमा, शिष्यवृत्ती, सगळं. म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या डोळ्यापुढं लोकांची नावंच असतात, आधारवर एक स्पेलिंग, टीसीवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरं. त्यामुळं नाव ह्या विषयावर मला लई बोलायचंय, आणि भावाला मुलगी झाली तेव्हा मी आत्या, नाव ठेवायचा मान माझा, म्हणून हे सगळं मी मनावर घेऊन केलं.

तर झालं असं, घरात चार नावं आली. माझ्या मनात पूर्वा. वहिनीला पल्लवी पाहिजे. माय म्हणायली पार्वती ठेवा, तिच्या सासूबाईंचं नाव, ज्या बाईनं दुष्काळात घर धरून ठेवलं तिचं नाव घरात परत ऐकू यावं ही तिची इच्छा. आणि वहिनीच्या माहेरून प्राजक्ता. चारीबी नावं प वरून, त्याचं कारण असं की गुरुजींनी पत्रिका करून दिली त्यात लिहिलेलं, हस्त नक्षत्र, तिसरं चरण, अक्षर ण. आता ण वरून नाव कुठून आणायचं? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे 4 चरण, असे 108 चरण आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर दिलेलं असतं, अश्विनीला चू चे चो ला, मघाला मा मी मू मे, अशी. हस्ताला येतात पू, ष, ण, ठ. ष आणि ण वरून सुरू होणारं चालतं नाव सापडतच नाही, ठ वरून आमच्या आजीच्या पिढीत ठकूबाई असायच्या, आता कुणी ठेवत नाही. अशा वेळी गुरुजी सरळ राशीचं अक्षर घ्या म्हणतात, कन्या रास म्हणजे प, ठ, ण, म्हणून आम्ही प धरला. इथपर्यंत सगळं आपलं नेहमीचंच, सगळ्यांच्या घरी होतं तसं.

पण चार नावांत एकमत काय होईना. बारशाची तारीख जवळ आलेली. मंग भावाच्या एका मित्रानं ह्या सरांचं नाव सुचवलं, त्यांनी त्यांच्या मुलाचं तिथंच काढलेलं.

ऑफिस लातूर शहरात, पहिल्या मजल्यावर, खाली मेडिकल. अपॉइंटमेंट व्हॉट्सॲपवर मिळते, वेळ दिली तेव्हाच आत घेतलं ही गोष्ट मला आवडली, नाहीतर लातूरला डॉक्टरकडं गेलं तरी अर्धा दिवस जातो. बाळाच्या नावाची फी 1500 रुपये, आधीच सांगितली, पावती दिली. बसायला जागा चांगली, बाळंतीण सोबत असेल तर मात्र जिना त्रासाचा आहे, लिफ्ट नाही, हे लक्षात ठेवा. बाळाला न्यायची गरज नसते, जन्मतारीख, वेळ आणि तुमच्या मनातली नावं एवढंच लागतं.

आता पद्धत कशी ते जरा नीट लिहिते कारण मी इंटरनेटवर शोधलं तेव्हा कुणीच मराठीत सरळ सांगितलेलं नव्हतं. जन्माच्या तारखेतला नुस्ता दिवस घेतला की मूलांक. आमची मुलगी 23 तारखेची, 2 आणि 3 मिळून 5, मूलांक 5, म्हणजे बुध. दिवस, महिना, वर्ष सगळे आकडे मिळवले की भाग्यांक, तिचा आला 6, म्हणजे शुक्र. (पूर्ण तारीख टाकत नाही, लहान लेकराची माहिती आहे.) आणि तिसरा नामांक, तो नावातल्या अक्षरांवरून. ही अक्षरं मराठी नाहीत बरं का, इंग्रजी स्पेलिंगची. प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक आकडा ठरलेला. सर वापरतात तो तक्ता खाल्डियन म्हणतात तो, त्यात ए, आय, जे, क्यू, वाय ह्यांना 1, बी, के, आर ह्यांना 2, सी, जी, एल, एस 3, डी, एम, टी 4, ई, एच, एन, एक्स 5, यू, व्ही, डब्ल्यू 6, ओ आणि झेड 7, एफ आणि पी 8. 9 कुठल्याच अक्षराला देत नाहीत, तो आकडा वेगळा, पवित्र मानलेला, बेरजेत आला तर चालतो पण अक्षराला नाही.

सरांनी कोरा कागद घेतला आणि आमच्या समोर पेननं पूर्वा लिहिलं, पी 8, यू 6, आर 2, व्ही 6, ए 1, बेरीज 23, म्हणजे 5. मुलगी 23 ची, नाव 23 चं. भावाचा चेहरा एकदम खुलला. मंग त्यांनी त्याच कागदावर खाली परत पूर्वा लिहिलं पण यू च्या जागी दोन ओ टाकले, जसं बरेच जण लिहितात तसं, आणि बेरीज केली तर 31, म्हणजे 4. नाव तेच, हाक तीच, पाळण्यात ऐकू येणार तेच, आणि नंबर सरळ बदलला. त्यांनी 23 ला हिरव्या पेननं गोल केला आणि 31 ला लाल.

मंग पल्लवी. पी 8, ए 1, दोन एल 3-3, ए 1, व्ही 6, आय 1. बेरीज 23. पार्वती, पी 8, ए 1, आर 2, व्ही 6, ए 1, टी 4, आय 1, परत 23. तिन्ही नावं 23! वहिनी आणि मी एकमेकींकडं बघायलो. फक्त प्राजक्ता 20 आलं, म्हणजे 2, त्याला त्यांनी लाल गोल केला.

आणि इथं मी सरांना पूर्ण मार्क देते. कारण त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर काहीतरी कारण काढून एक नाव आमच्या गळ्यात मारलं असतं, की हेच भाग्याचं आणि बाकीची नाहीत. ते तसं काही बोलले नाहीत. म्हणाले, "ताई, माझ्या शास्त्रानं तिन्ही नावं सारखी आहेत, आता पुढचं तुमच्या घरानं ठरवायचं, ते काम माझं नाही." हे वाक्य ऐकलं आणि मला वाटलं 1500 रुपये इथंच वसूल झाले.

मी मुद्दाम विचारलं, सर, नेटवर दुसरा तक्ता बी दिसतो, त्यात आकडे वेगळेच आहेत, ते काय? तर त्यांनी टाळलं नाही. म्हणाले तो पायथागोरियन, त्यात ए पासून ओळीनं 1 ते 9 असे आकडे देत जायचे आणि परत 1 पासून. त्या तक्त्यानं पूर्वा काढलं तर 24, म्हणजे 6. आणि दोन ओ वालं पूर्वा 33, म्हणजे तेबी 6. म्हणजे बघा, एका तक्त्यानं स्पेलिंग बदललं की नशीब बदलतं आणि दुसऱ्या तक्त्यानं काहीच बदलत नाही. पल्लवी तर त्या तक्त्यानं 28 होऊन 1 वर जातं. हे मी घरी येऊन स्वतः परत मांडून बघितलं, बेरजा बरोबर आहेत. दोन तक्ते, दोन उत्तरं, आणि कुठला खरा हे सांगायला तिसरं काहीच नाही, ही गोष्ट जाणाऱ्यानं डोक्यात पक्की ठेवावी. ह्यात सरांचा दोष नाही, त्यांनी उलट उघडपणे दाखवलं, पण पुढं जेव्हा तुम्हाला कुणी सांगतं की तुमच्या नावात एक अक्षर कमी आहे म्हणून धंदा बसलाय, तेव्हा हा दुसरा तक्ता आठवा.

भारतात हा खाल्डियन तक्ता जो एवढा पसरला तो कीरोमुळं, म्हणजे विल्यम जॉन वॉर्नर, 1866 ला जन्मलेला आयरिश माणूस, हात बघायचा, 1936 मध्ये वारला. 4 म्हणजे राहू आणि 7 म्हणजे केतू हे आपल्याकडच्या लोकांनी बसवलंय, त्याच्याकडं त्या जागी युरेनस आणि नेपच्यून होते.

मला खरी उत्सुकता होती की मराठी नावाचा नंबर मराठी अक्षरांवरून कामून काढत नाहीत, आपल्या भाषेत प ला किंमत नाही का. ह्यावर सरांनी कटपयादी सांगितलं आणि ते ऐकायला खरंच लई छान वाटलं. जुनी पद्धत आहे, क, ट, प, य ह्या चारी अक्षरांना 1, तिथून पुढं ख ला 2, ग ला 3 असं मोजत जायचं. जोडाक्षर असेल तर त्यातलं शेवटचं व्यंजन धरायचं, आणि आकडे उजवीकडून डावीकडं वाचायचे. जय ह्या शब्दात ज म्हणजे 8, य म्हणजे 1, उलटं वाचलं की 18, आणि महाभारताची पर्वं 18. पूर्वा त्या हिशोबानं प चा 1, व चा 4, उलटं वाचून 41. कर्नाटक संगीतात 72 मेळकर्ता रागांची नावं अशी ठेवलीत की पहिल्या दोन अक्षरांवरून रागाचा नंबर कळतो. पण ही पद्धत आकडे लक्षात ठेवायला होती, गणितातले आणि ज्योतिषातले मोठमोठे आकडे श्लोकात बसवायला. माणसाच्या नावावरून त्याचं भविष्य काढायला नाही. हे सांगणारे पण सरच, त्यांनी स्वतःच्या धंद्याच्या फायद्यासाठी ते वाकवून सांगितलं नाही.

आणि आमच्या मराठवाड्याला अक्षरांचे आकडे काही नवीन नाहीत. निजामाच्या राज्यात उर्दू चालायची, तिथं अबजद, अलिफ ला 1, बे ला 2, असं करत करत शेवटी गैन ला 1000. 786 हा आकडा तिथूनच आला, बिस्मिल्लाहच्या पूर्ण वाक्याच्या अक्षरांची बेरीज. आमच्या केंद्रावर येणारे एक चाचा 786 वाली दहाची नोट पाकिटात जपून ठेवतात, मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आले की ती पहिली हातात घेतात. त्यांच्या त्या नोटेबद्दल मला जो आदर वाटतो तोच मला माझ्या भाचीच्या 23 बद्दल वाटतो. नावाला वजन असतं असं मी मानते. माणूस मेल्यावरबी नाव राहतं. त्यामुळं ते ठेवताना घरातल्या सगळ्यांनी बसून, एकेक अक्षर बघून, दोन वेळा उच्चारून ठेवावं, आणि ह्या निमित्तानं आमच्या घरात ते झालं. एरवी फोनवर नावांची यादी बघून पाच मिनिटात काम संपतं.

शेवटी ठरलं ते असं, मायचा मान म्हणून पाळण्यात पार्वती, कागदावर पूर्वा. वहिनीनं स्वतःहून पल्लवी सोडलं, म्हणाली दुसरं लेकरू झालं तर बघू. बारशाला मीच कानात कुर्र केलं, पहिलं पार्वती म्हणलं, मंग पूर्वा, आणि बायकांनी माझ्या पाठीत असे धपाटे घातले की हात वर होईना, घुगऱ्या मात्र झकास झाल्या होत्या.

इथपर्यंत पाचपैकी पाच. आता बाकीचं.

पहिली गोष्ट त्या ग्रिडची. बाळाच्या नावाचं काम झाल्यावर सरांनी तीन बाय तीनचा चौकोन काढला, लो शू ग्रिड, चीनमधला, वरच्या ओळीत 4 9 2, मधे 3 5 7, खाली 8 1 6, आडवी उभी तिरपी कशीबी बेरीज करा 15. जन्मतारखेतले आकडे त्यात भरायचे आणि जे रिकामे राहतील ते "मिसिंग नंबर". आमच्या मुलीचे बरेच घर रिकामे राहिले, 9 नाही, 8 नाही, 4 नाही. आणि सर वहिनीला सांगायले की 9 नाही म्हणजे धाडस कमी, 4 नाही म्हणजे शिस्त कमी. वहिनी ओली बाळंतीण, रात्र रात्र जागायली, तिच्या डोळ्यात पाणी आलं. हे मला अजिबात पटलं नाही. आणि साधा विचार करा, 1900 ते 1999 मध्ये जन्मलेल्या प्रत्येक माणसाच्या तारखेत 1 आणि 9 असणारच, वर्षातच आहेत ते. आणि 2000 नंतरच्या प्रत्येक लेकराच्या तारखेत 2 असणारच. म्हणजे आपल्या सगळ्या पिढीत धाडस होतं आणि आताची सगळी पोरं धाडसाशिवाय जन्मली असं म्हणायचं का? शतक बदललं म्हणून आकडा गेला, लेकरात काही कमी नाही. मी हे तिथंच बोलले, सर हसून "ताई तसं नसतं, उपाय असतात" म्हणाले आणि उपाय म्हणजे ब्रेसलेट, ते त्यांच्याकडंच मिळतं. घेतलं नाही.

दुसरी गोष्ट त्याहून जास्त लागली. बोलता बोलता त्यांनी गावांचे नंबर सांगितले, लातूरचं स्पेलिंग घेतलं तर 3, 1, 4, 6, 2, बेरीज 16, आणि 16 हा कीरोच्या पद्धतीत वाईट मानतात, वीज पडून कोसळणारा बुरूज असं त्याचं चित्र आहे, म्हणून म्हणे 1993 ला भूकंप झाला. हे मी ऐकून घेतलं नाही. किल्लारी आमच्या निलंग्यापासून जवळ आहे, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, 3 वाजून 56 मिनिटांनी, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले, 10 हजारांच्या आसपास माणसं गेली. ती गेली कारण घरं जाड दगडाच्या आणि मातीच्या भिंतींची होती, वर मातीचं जड माळवद, हादरा बसल्यावर दगड सुटे झाले आणि माळवद अंगावर आलं. हे आमच्याकडच्या लहान पोरालाबी माहीत आहे, नंतर गावं नव्यानं वसवली तेव्हा घरं वेगळ्या पद्धतीनं बांधली ती ह्याच कारणानं. आणि आकड्याचंच बोलायचं तर बीडचं स्पेलिंग घ्या, बी 2, दोन ई 5-5, डी 4, बेरीज 16. मंग बीडला कामून नाही? हे विचारल्यावर सर गप्प बसले. ज्यांची माणसं ढिगाऱ्याखाली गेली त्यांच्यापुढं हे कुणी बोलू नये, एवढीच माझी त्यांना विनंती आहे, आणि हा रिव्ह्यू त्यांच्यापर्यंत पोचला तर त्यांनी हा भाग तरी नक्की वाचावा.

तिसरी गोष्ट म्हणजे पॅकेज. माझा भाऊ गणेश, त्याचं कृषी सेवा केंद्र आहे, बी-बियाणं, खत, औषधं. सरांनी बाळाचं झाल्यावर त्याचं नाव मागितलं, जी 3, ए 1, एन 5, ई 5, एस 3, एच 5, बेरीज 22, म्हणजे 4, राहू. म्हणून म्हणे उधारी अडकते. एक एन वाढवा, मंग 27 होतं, म्हणजे 9, पैसा मोकळा होईल. नाव करेक्शन, सहीचा सराव, मोबाईल नंबर बदलणे, खडा, सगळं मिळून 11 हजार. आता उधारी अडकते कारण सोयाबीनचा भाव पडला की शेतकऱ्याकडं पैसा येत नाही आणि शेतकऱ्याकडं आला नाही की दुकानदाराकडं येत नाही, लातूरच्या बाजारात बसलेल्या कुणालाबी विचारा. आणि गणेश नावाची माणसं मराठवाड्यात गल्लीगल्लीला आहेत, सगळ्यांची बेरीज 22, त्यातले कितीतरी जण चांगले सुखात आहेत.

पण त्याहून महत्त्वाचं आहे ते माझ्या कामातलं, आणि हा रिव्ह्यू मी खरं तर ह्याच्यासाठी लिहायला बसले. एक एन वाढवला तर काय काय होतं ते कुणी सांगत नाही. आधारवर नाव आयुष्यात फक्त दोन वेळा बदलता येतं. आधार बदललं की पॅन जुळत नाही, पॅन जुळलं नाही की बँकेचं केवायसी अडकतं, जीएसटी, दुकानाचा परवाना, सगळं एकामागं एक. राजपत्रात नाव बदलाची नोटीस द्यावी लागते, तिची प्रत प्रत्येक ठिकाणी जोडत बसायची. पीएम किसानचे हप्ते आणि पीक विमा हे आधारच्या नावाशी बांधलेलं आहे, एका अक्षरानं पैसे अडकलेले शेतकरी माझ्या टेबलासमोर रोज उभे असतात, पेरणीच्या दिवसात रोजगार बुडवून येतात बिचारे. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ह्या लेकराच्या जन्म दाखल्यावर वडिलांचं नाव आहे, गणेश, एका एन नं. उद्या बापानं स्पेलिंग बदललं तर मुलीच्या दाखल्यावरचा बाप आणि आधारवरचा बाप दोन वेगळी माणसं दिसणार. बाळाचं नाव शुभ करायला गेलो आणि तिचे कागद बिघडवून आलो असं झालं असतं.

हे मी सरांना स्पष्ट विचारलं. तर ते म्हणाले कागदावर बदलू नका, नुस्ती सही बदला आणि दुकानाच्या पाटीवर बदला. बँकेत सही जुळली नाही तर चेक परत येतो, तो परत आला तर कंपनीचा माल थांबतो, हे त्यांना सांगावं लागलं. भावानं पॅकेज घेतलं नाही. पण त्यानंतर त्यांच्या ऑफिसातून फोन सुरू झाले, कधी ऑफर आहे म्हणून, कधी ग्रहण जवळ आलंय म्हणून, भर दुपारी गिऱ्हाईक असताना. नको सांगितलं तरी परत. शेवटी नंबर ब्लॉक केला. माणूस समोर बसून एवढं छान समजावून सांगतो, आणि त्याच ऑफिसातून भीती घालणारे फोन येतात, हे बघून मला वाईट वाटलं. बाळाच्या नावाच्या कामावर त्यांचं पोट भरू शकतं, तेवढं त्यांना येतं.

म्हणून माझा हिशोब, बाळाच्या नावाला पाचपैकी साडेचार, जिना आणि ग्रिडचे अर्धे मार्क कमी. करेक्शन पॅकेजला एक, तोबी फक्त त्यांनी दबाव टाकून तिथल्या तिथं पैसे मागितले नाहीत म्हणून.

जाणार असाल तर क्रम असा ठेवा. बाळाच्या जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असतेच, ती नावाशिवाय होते, दवाखान्यातून घाईघाईत काहीतरी नाव सांगून मोकळं होऊ नका. नाव नंतर टाकता येतं, जन्मापासून 12 महिन्यांच्या आत टाकलं तर त्याला फी नाही, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून टाकता येतं. म्हणजे विचार करायला पुरेसा वेळ आहे. आणि आता हा दाखला पहिल्यापेक्षा लई महत्त्वाचा झालाय, 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या लेकरांसाठी शाळेचा प्रवेश, मतदार यादी, लायसन्स, पासपोर्ट, सगळीकडं जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच धरतात. त्यामुळं स्पेलिंगचा जो काय नंबर बघायचा तो दाखल्यावर नाव चढायच्या आधी बघा. एकदा चढलं की त्याला हात लावू नका. दहावीचा फॉर्म भरताना तर अजिबात नाही, लातूर बोर्डाचं मार्कशीट एक आणि आधार दुसरं अशी पोरं नीटचा फॉर्म भरताना माझ्याकडं रडवेली होऊन येतात, शेवटच्या तारखेला.

नाव नोंदवायला गेल्यावर ऑपरेटरच्या भरवशावर सोडू नका. मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, तो टाइप करताना स्क्रीन बघायला मागा, बघू देतात. आमच्या वेळी ऑपरेटरनं सवयीनं दोन ओ टाकले होतेच, मी म्हणलं दादा, यू आहे, पी, यू, आर, व्ही, ए. त्यानं खोडलं, परत टाइप केलं, मी वडिलांचं नाव आणि आडनावबी एकेक अक्षर वाचून घेतलं, मंगच प्रिंट काढू दिली.

कुणाला निलंगा भागात दाखल्यावर नाव टाकायचं काम असेल तर आधी आईवडील दोघांच्या आधारवरचं स्पेलिंग तपासून या, त्यात फरक असेल तर तो पहिला दुरुस्त करावा लागतो, बाळाचं नंतर.